भुशाची राख

“ही राख भुशाची न्हवं,” सासूबाई म्हणाल्या आणि हातातलं पातेलं त्यांनी उजेडाकडे धरलं.

मी अन्वीला मांडीवर घेऊन तिचे श्वास मोजत होते. मिनिटाला सेहेचाळीस. पन्नासच्या वर गेले तर वाट बघायची नाही, तशीच घेऊन यायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“काय म्हणालात?”

“ओरखडे बघ की. भुशाची राख कशी, पिठावाणी. बोटानं चोळली तरी भांडं उजळतंय. ही खरखरती. कोळशाची हाय ही, यामिनी. मी सांगते तुला.”

त्यांनी सांगितलं म्हणजे ते खरंच असणार. माझ्या सासऱ्यांनी साखर कारखान्याच्या बॉयलरपुढे एकतीस वर्षं काढली होती. सासूबाईंनी तेवढीच वर्षं त्या बॉयलरच्या राखेनं भांडी घासली होती. मी रसायनशास्त्राची पदवीधर. पण राखेतलं त्यांना जास्त कळायचं.

आमची कॉलनी कागद कारखान्याच्या भिंतीला लागून होती. कारखाना स्वतःची वीज स्वतः करायचा, उसाच्या भुशावर. निदान गेटवरच्या हिरव्या पाटीवर तसं लिहिलं होतं. भिंतीमागे राखेचा ढीग असायचा आणि कॉलनीतल्या सगळ्या बायका तिथून बादलीभर राख भांड्यांना आणायच्या.

सासूबाईंनी त्या दिवशी एक केलं. दिवाळीच्या सुमाराला आणलेली जुनी, मऊ राख पोत्यात शिल्लक होती, ती त्यांनी तोंड बांधून गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवली. “ही देवाच्या भांड्यांला,” म्हणाल्या. “पुन्हा मिळायची न्हाई.”

अन्वी तेव्हा दहा महिन्यांची होती. दिवाळीपासून तिचा खोकला थांबला नव्हता. डॉक्टरांनी मला तीनदा विचारलं होतं, घराजवळ कोळसा जळतो का? मी तीनदा सांगितलं होतं, नाही हो, आमच्याकडे भुसा जळतो.

त्या संध्याकाळी मोरेश्वर, माझा नवरा, ड्यूटीवरून आला. तो बॉयलर हाऊसला शिफ्ट इंजिनिअर होता. मी चहा देताना सहज विचारल्यासारखं विचारलं.

“कोळसा जाळता का हो तुम्ही?”

“मी दाब बघतो आणि पाणी बघतो. आत काय टाकायचं ते इंधनवाल्यांचं खातं.” त्याने बशीत चहा ओतला. “का गं?”

“आई म्हणतायत राख वेगळी आहे.”

“आईला आता राखेची पण परीक्षा घ्यायची आहे का?” तो हसला, आणि त्याने अन्वीला उचलून खांद्यावर घेतलं. ती खोकली. त्याने तिची पाठ थोपटली. तो खरंच हळुवारपणे थोपटायचा, हे मला आजही नाकारता येत नाही.

आठवड्याभराने, भाजी बांधून आलेल्या वर्तमानपत्रात मी ती जाहीर सूचना वाचली. मला असलं सगळं वाचायची खोड आहे. जो कारखाना स्वतःची वीज कोळशावर बनवतो, त्याने ठरावीक हिस्सा ऊन, वारा किंवा भुशापासूनच्या विजेचा घेतलाच पाहिजे, असा सरकारचा नियम होता. वीज विकणाऱ्या कंपन्यांनाही तोच नियम. आमच्या कारखान्याने वीज आयोगाकडे अर्ज केला होता, की आम्ही सगळी वीज भुशावरच करतो, तेव्हा आम्हाला या बंधनातून दहा वर्षं सूट मिळावी. कुणाची हरकत असल्यास लेखी कळवावी.

दहा वर्षं. मी अन्वीकडे बघितलं. तोपर्यंत ती चौथी-पाचवीत जाणार. सूट मिळाली की बॉयलरमध्ये काय जळतं हे बघायला कुणी फिरकणार नव्हतं. आणि नाही मिळाली तर आधी तपासणी होणार, मग कोळसा उघडा पडणार.

“आई, हरकत घ्यायची का?” मी विचारलं.

सासूबाई लसूण सोलत होत्या. “घे की. पण मोरूला आत्ता नको सांगू. त्याचं डोकं लगेच फिरतंय.”

अशी आम्हा दोघींची ती गोष्ट सुरू झाली.

जिल्ह्याच्या गावी कानिटकर काका होते. वीज मंडळातून निवृत्त झालेले, ग्राहकांच्या तक्रारी फुकट लिहून देणारे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, “राख हा पुरावा चांगला आहे. पण तुम्ही नमुना आधी कुठे तपासून आणलात, तर त्यांचा वकील म्हणणार, बाईंनी वाटेत कोळसा कालवला. दर आठवड्याला घ्या, तारीख घाला, सील करा आणि आयोगासमोरच फोडा. सील असं हवं, की दुसऱ्या कुणाकडे तसा शिक्का नसेल.”

बाटल्यांचा प्रश्न नव्हता. खोकल्याच्या औषधाच्या तपकिरी बाटल्या घरात साठल्याच होत्या. माझ्याकडच्या चार, आणि पाच कॉलनीतल्या बायकांनी दिल्या. सगळ्यात आधी शेजारच्या कौसरभाभींनी. त्यांचा अयान तीन वर्षांचा, अन्वीसारखाच खोकणारा. “राख मीच भरणार,” त्या म्हणाल्या. “माझ्या पोराची बाटली आहे, माझ्या हाताने भरू दे.”

आणि शिक्का? तो अन्वीच्या पायात होता. माझ्या लहानपणीचे चांदीचे वाळे माझ्या आईने तिच्या बारशाला पाठवले होते. त्यातल्या एकाच्या टोकाशी कोयरीसारखा एक खड्डा होता. लहानपणी मीच तो उंबऱ्यावर आपटून पाडला होता म्हणे. तसा वाळा जगात दुसरा नव्हता. बाटलीच्या बुचावर लाल लाख वितळवून ओतायची, जरा थंड होऊ द्यायची आणि त्यावर ते टोक दाबायचं. सासूबाई अन्वीला आंघोळ घालायला वाळे काढायच्या, तेवढ्यात मी हे काम उरकायची. लाखेचा वास आला की अन्वी शिंकायची आणि आम्ही दोघी हसायचो.

“कोर्टाचा शिक्का गं माझ्या बाईचा,” सासूबाई तिला म्हणायच्या.

नऊ बाटल्या झाल्या. पलंगाखालच्या ट्रंकेत मी त्या तिच्या झबल्यांत गुंडाळून ठेवल्या. ट्रंकेला कुलूप नव्हतं. सील असताना कुलूप कशाला?

हरकत दाखल केली. तिची एक प्रत कारखान्यालाही द्यावी लागते, हे मला कानिटकर काकांनी सांगितलं होतं. पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला तो चौथ्या दिवशी. मोरेश्वर भर दुपारी घरी आला. मॅनेजरनी बोलावून घेतलं होतं. माझी सही असलेली प्रत त्याच्यासमोर ठेवली होती.

मी अन्वीला छातीशी धरून भिंतीला टेकून उभी राहिले. तो ओरडेल, म्हणून मी तिचा एक कान तळहाताने झाकला होता.

तो ओरडला नाही. खुर्चीत बसला. बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिला.

“मला सांगितलं नाहीस,” एवढंच म्हणाला.

“सांगितलं असतं तर तुम्ही…”

“नाही. बरोबर केलंस.” त्याने वर बघितलं. “अन्वीसाठी केलंस. मी काही म्हणणार नाही.”

मला रडू फुटलं. लग्नानंतरच्या चार वर्षांत मी त्याच्यासमोर इतकी मोकळी कधी रडले नव्हते. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, आपलं घर किती भक्कम आहे.

सुनावणीच्या आधीच्या शनिवारी कानिटकर काकांनी मला तयारीसाठी बोलावलं. अन्वीला एवढा प्रवास नको म्हणून मी नाहीच म्हणणार होते. मोरेश्वरने सुट्टी घेतली. “मी आहे ना घरी. आई आहे. जा तू बिनघोर.” तिला सोडून मी पहिल्यांदाच गेले. दर तासाला फोन केला. दर वेळी त्याने उचलला आणि विचारायच्या आत सांगितलं, “बेचाळीस. झोपलीय.” तो श्वास मोजत होता. मी एसटीच्या खिडकीशी बसून देवाचे आभार मानले.

परत आले तेव्हा अन्वीचे वाळे लखलखत होते.

“चिंचेनं घासले,” सासूबाई म्हणाल्या. “मोठ्या माणसांपुढं जायचं, तर नीट नको का?”

गॅलरीच्या दोरीवर रिकामं पोतं धुऊन वाळत घातलेलं होतं. मी ते बघितलं. मी सगळंच बघते. अन्वीचं एखादं नख मोडलं तरी माझ्या लक्षात येतं. ते पोतंही मी बघितलं आणि म्हटलं, आई किती आवराआवर करतात.

सुनावणी कलेक्टर ऑफिसच्या हॉलमध्ये होती. अन्वी अंगावर पीत होती म्हणून सासूबाई तिला घेऊन बरोबर आल्या. मोरेश्वरची ड्यूटी होती. कौसरभाभी आणि कॉलनीतल्या चौघीजणी वडापची जीप करून आल्या होत्या. “आज धुरळा उडवायचा,” कौसरभाभी माझ्या कानाशी म्हणाल्या. “मॅनेजर बघा कसा बसलाय, सासरी आलेल्या जावयासारखा.”

आधी कारखान्याचे वकील बोलले. त्यांनी टेबलावर जाडजूड वह्या मांडल्या. बॉयलरचं लॉगबुक. “रोज, प्रत्येक पाळीला कोणतं इंधन किती टन जाळलं याची नोंद. प्रत्येक पानावर शिफ्ट इंजिनिअरची सही. वर्षभरात कोळसा शून्य.” त्यांनी एक वही उघडून आयोगाच्या सदस्यांपुढे सरकवली. मी पहिल्या रांगेत होते. मला ती उलटी दिसत होती, पण उलटी असली म्हणून काय झालं? ‘म’ची ती गाठ आणि शेवटची खाली ओढलेली रेघ. अन्वीच्या जन्मदाखल्यावर तीच सही होती.

मी दाब बघतो आणि पाणी बघतो.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं.

मी उठले, शपथ घेतली. आवाज कसा लागला, आठवत नाही. कानिटकर काकांनी बाटल्या ओळीने मांडल्या. मधल्या खुर्चीतल्या सदस्यांनी, पांढऱ्या केसांचे शांत गृहस्थ होते, एक बाटली उचलली.

“सील तुमचंच?”

“हो.”

“हे कशावरून म्हणता?”

हा प्रश्न येणार म्हणून आम्ही तयारी केली होती. मी मागे जाऊन अन्वीच्या पायातला वाळा काढून आणला. सासूबाईंनी तिचा पाय पुढे केला नाही. मलाच पदराखालून ओढून घ्यावा लागला. मी वाळा सदस्यांच्या हातात दिला. “ही कोयरी बघा. हा खड्डा मी लहानपणी पाडला. असा दुसरा वाळा नाही. दुसऱ्या कुणालाही हे सील करता येणार नाही.”

त्यांनी भिंग घेऊन प्रत्येक लाखेवरचा ठसा वाळ्याशी ताडून बघितला. नऊच्या नऊ. कारखान्याच्या वकिलांनीही बघितलं आणि मान डोलावली. त्यांची काहीच हरकत नव्हती. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

“सर्व सीलं अखंड आहेत, असं नोंदवा,” सदस्य म्हणाले. “फोडा.”

आयोगाच्या तांत्रिक अधिकाऱ्याने पहिली बाटली पांढऱ्या कागदावर उपडी केली. फिकट, करडी, पिठासारखी राख. तिच्यात अर्धवट जळालेले चिपाडाचे बारीक तंतू. त्याने चिमूटभर बोटांत चोळली. दुसरी बाटली. तिसरी. नवव्या बाटलीपर्यंत मी उभीच होते.

“भुशाची आहे, सर,” तो म्हणाला. “यात कोळसा नाही. प्रयोगशाळेत पाठवू, पण हे डोळ्यांना दिसतंय.”

“खोटं आहे!” कौसरभाभी मागून उठल्या. “साहेब, एक बाटली मी भरली. माझ्या हाताने. काळी राख होती, खडे होते तिच्यात!”

वकील माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. “मग बाई, ही राख बदलली कुणी? सील तर तुमच्या मुलीच्या पायातलं. आत्ताच तुम्ही शपथेवर सांगितलंत.”

हॉलमध्ये पंखे फिरत होते. मी मागे बघितलं. सासूबाईंनी अन्वीला पदराखाली घेतलं होतं, आणि तिचा मोकळा, वाळा नसलेला पाय मुठीत धरून ठेवला होता. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. चिंचेनं घासलेले वाळे. धुतलेलं पोतं. बेचाळीस, झोपलीय. एकाने लाख वितळवली असणार, एकीने मूल धरलं असणार.

“बाटल्यांपर्यंत आणखी कुणी पोहोचू शकत होतं का?” सदस्यांनी विचारलं. “विचार करून सांगा. तसं असेल तर आयोग चौकशी लावेल. बॉयलर हाऊसपासून.”

बॉयलर हाऊसपासून. म्हणजे वहीपासून. वहीवरच्या सहीपासून. ती सही मॅनेजरची नव्हती, मालकाची नव्हती.

अन्वी खोकायला लागली. एक, दोन, तीन. मी मोजत राहिले. सगळा हॉल माझ्यासाठी थांबला होता.

“नाही,” मी म्हणाले. “बाटल्या माझ्याच ताब्यात होत्या. घरात दुसरं कुणी त्यांना हात लावत नाही.”

कानिटकर काकांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. पुन्हा घातलाच नाही.

बाहेर व्हरांड्यात मी अन्वीला सासूबाईंच्या हातून घेतलं.

“आई, तुम्ही?”

त्यांनी भिंतीचा आधार घेतला. मला वाटलं होतं, त्या नाकारतील.

“राख तुम्हीच ओळखलीत. सुरुवात तुम्ही केलीत.”

“व्हय. तवा मला ठावं नव्हतं, कागदावर सही कुणाची हाय ते. मोरूनं सांगितलं. मॅनेजर म्हणला, कोळसा निघाला तर खोट्या नोंदीचा गुन्हा सही करणाऱ्यावर. पोलीस त्याला घिऊन जातील.”

“मला सांगायचं होतं. मी हरकत मागे घेतली असती.”

“घेतली असतीस?” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. “छातीवर हात ठिवून सांग.”

मी अन्वीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“आणि नुसती मागं घिऊन त्यांचं भागत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “त्यांला भुशाची राखच पायजे होती. तुझ्या शिक्क्यातली. मग म्हणं बदली देतो. डोंगराकडच्या गोदामावर. तिथं बॉयलर न्हाई, धूर न्हाई. पोरगी सुटंल की गं आपली. मला काय नातीचा खोकला ऐकू येत न्हाई?”

“आणि अयान?”

त्यांनी माझ्या हातातला वाळा घेतला. मग तो अन्वीच्या पायात घालायला वाकल्या. मी पाय मागे घेतला.

त्या रात्री मोरेश्वरला मी एकच विचारलं, “शनिवारी श्वास खरंच मोजलेस का?” मी त्याला कधी अरे-तुरे करत नसे. तो म्हणाला, “प्रत्येक वेळी मोजले, यामिनी. शपथ.” ते खरं असावं. त्यामुळेच मला ते जास्त लागलं.

महिन्याभरात दोन कागद आले. कारखान्याला दहा वर्षांची सूट मिळाली. त्यात एक ओळ होती, की हरकतदाराने स्वतः सादर केलेल्या सीलबंद नमुन्यांवरूनही अर्जदाराच्या म्हणण्याला पुष्टी मिळते. माझी राख त्यांच्या कामी आली होती. दुसरा कागद मोरेश्वरच्या बदलीचा.

कॉलनीत तोवर बोलणं बंद झालं होतं. नळावर मी गेले की बादल्या हलायच्या. एकदा कुणीतरी, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालं, “शिकलेल्या बायकांचं बरं असतं. हरकत घ्यायची आणि बदली मिळवायची.” मी उलटून काय सांगणार होते? सांगितलं तर वही उघडावी लागली असती. मला घरच्यांनी फसवलं होतं आणि या बायकांना मी. माझ्याकडे सांगायला निदान सासूचं नाव होतं, नवऱ्याचं नाव होतं. त्यांच्याकडे फक्त माझं.

सामान टेम्पोत भरत होते त्या सकाळी कौसरभाभी आल्या. तेवढ्या एकट्याच. कडेवर अयान होता, छातीत शिट्टी वाजत असलेला. मला वाटलं, त्या भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी अन्वीच्या गालाला हात लावला. “तिकडे हवा चांगली आहे म्हणतात.”

“भाभी, मी ती राख…”

“राहू द्या, ताई.” त्यांनी ओढणीआडून एक तपकिरी बाटली काढली. धुतलेली, लेबल खरवडून काढलेलं, बूच घट्ट बसवलेलं. ती त्यांनी माझ्या हातात दिली.

“काल संपली,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, तुम्हाला लागतात.”

अन्वी आता नववीत आहे. ती खोकत नाही. वाळ्यांच्या डबीशेजारी ती बाटली कसली ठेवली आहेस, असं तिने परवा मला विचारलं. मी तिला सांगितलं, औषधाची. मग तिने वाळा हातात घेतला, खिडकीशी नेला आणि म्हणाली, “आई, या खड्ड्यात काहीतरी लाल अडकलंय.”